कंबर साडेपस्तीस, दंड सव्वादहा

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. "पोटात काय होतं, कधी होतं, जेवण कसं झालं, सगळं लिहून ठेवा. दोन महिन्यांनी घेऊन या. तोंडी सांगताना तुम्ही फार रंगवता," म्हणाल्या. मी रंगवत नाही. बत्तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवतोय, अर्धा इंच इकडचा तिकडे होऊ देत नाही.

झालं असं, की शुक्रवारी दुपारी जेवून कटिंगच्या टेबलावर आडवा झालो होतो. हात सहज पोटावर गेला, तर बेंबीच्या वर काहीतरी उडत होतं. लिंबाएवढं. बोट ठेवलं की टप टप टप. उठून बसलो की गायब, आडवा झालो की हजर. चारदा उठलो, चारदा झोपलो. दारात गिऱ्हाईक उभं राहून बघतंय हे कळलंसुद्धा नाही.

शेजारच्या दुकानातल्या घड्याळजीला बोलावलं. त्याने डोळ्यावरचं भिंगही न काढता पोटावर हात ठेवला आणि ठोके मोजले. "बहात्तर. टाइम बरोबर देतोय," म्हणाला. मग त्याच्या मेहुण्याच्या पोटातल्या गाठीची गोष्ट सांगत बसला. मेहुणा गेला त्यात. माझी शनिवार-रविवारची झोप उडाली.

आज तपासणी झाली. बाईंनी आधी तळवे चोळून गरम केले. मला गुडघे दुमडायला लावले, म्हणजे पोट सैल पडतं. मी जिथे बोट दाखवलं तिथे त्या गेल्याच नाहीत. अगदी लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून हळूहळू जवळ आल्या, आणि सगळा वेळ बघत होत्या माझ्या तोंडाकडे. मान उचलायला लावली. गाठ वरच्या स्नायूत असली तर तेव्हा नीट हाताला लागते, आत असली तर लपते म्हणे. मग पोटावर एक बोट आडवं ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. "आतड्यात हवा आहे. असाच आवाज यायला हवा." कापड हाताळणारा हात मला लगेच ओळखू येतो. हा हात तसाच आहे.

"तुम्ही बारीक आहात. ही पोटातली मोठी रक्तवाहिनी. सगळ्यांचीच उडते, तुमची हाताला लागते इतकंच. पण तुम्ही साठीचे, सिगारेटी ओढलेल्या. सोनोग्राफीत तिची रुंदी एकदा बघून घेऊ."

'एकदा बघून घेऊ' म्हणजे काय ते मला विचारा. कोट बिघडलेला असला की मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. आणि सोनोग्राफीची तारीख तीन मेची, दोन महिन्यांनंतरची!

संध्याकाळी एकच पोळी गेली. हिची अर्धी. ही म्हणाली, पोट भरलं. माझ्या काळजीने हिचीही भूक मेली बिचारीची.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर पोटावर हात. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. उसवल्या, मग दोन्ही उजव्या लावल्या. शेवटी सदरा बाजूला टाकला आणि दुकान ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या घातल्या. घर दुकानाच्या मागेच असल्याचा तोटा हा, की माणूस थांबतच नाही.

ही टपालकचेरीतून आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, "अहो, पुरे आता फेऱ्या. परवा सकाळी दहाला जा. तारीख मिळाली."

"लोक दोन-दोन महिने ताटकळतात. तुला कशी मिळाली?"

"खिडकीवर बसते मी. ओळखी असतात. उपाशीपोटी जायचं, बास."

बायको असावी तर अशी. मी मनापासून म्हणालो तसं. ती खुर्चीवर बसून पाय चोळत होती.

गुरुवार, ७ मार्च

सुटलो! रक्तवाहिनी दोन सेंटिमीटरसुद्धा नाही, म्हणजे एका इंचाच्या आत. छान, सरळ, एकसारखी. पण तिथे माझी जी फजिती झाली ती लिहायलाच हवी.

निघताना पेन शोधायला हिच्या जुन्या पर्समध्ये हात घातला, तर सोनोग्राफी केंद्राचा छापील कागद सापडला. 'एक लिटर पाणी पिऊन यावे. तपासणी होईपर्यंत लघवीस जाऊ नये.' ही सांगायला विसरली, दुसरं काय! नळाखाली उभा राहून लिटरभर पाणी ढोसलं. केंद्रावर पाऊण तास बसवलं. भिंतीवरच्या काट्याकडे बघत, मांडीवर मांडी घालून, कधी एका खुर्चीवर तर कधी दुसऱ्या, देवाचं नाव घेत बसलो. शेवटी तपासनीस मुलगी बाहेर आली, वही बघून म्हणाली, "बाई कुठायत?"

म्हटलं, "आजवर लोकांनी मला काय काय समजलं, पण बाई कुणी नाही समजलं."

तिने नाव खोडून माझं घातलं. टेबलावर आडवा झालो तशी म्हणाली, "काका, पाणी कुणी प्यायला सांगितलं तुम्हाला? ते ओटीपोट बघायचं असलं तर."

"तुमच्याच कागदावर छापलंय!"

ती हसली. मग दुकानातही तासभर हाच विषय. घड्याळजी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. ही मात्र किस्सा ऐकून फार हसली नाही. "तुमचं पोट चांगलं आहे ना? मग झालं तर," एवढंच.

रविवार, १० मार्च

ढेकर: तीन. आंबट. गोळा उडतोच आहे, पण आता मी त्याला ओळखतो.

हिने ऑफिसचा निळा ड्रेस पुढे टाकला. कमरेत घट्ट होतोय. म्हटलं, "तिकिटं चिकटवता चिकटवता डिंक खातेस का काय?" शिवणीच्या आत मी नेहमी जादा कापड सोडतो, आम्ही त्याला माया म्हणतो. त्यातली इंचभर सोडली. वीस मिनिटांचं काम.

रविवार, २४ मार्च

जळजळ: नाही. काल एक ढेकर. इतकं शांत पोट मला सोसत नाही.

हिच्या ड्रेसच्या बाह्या सैल पडल्या आहेत. दोन्हीकडून आवळून दिल्या. हल्ली खात्याकडून कापडच हलकं येतं, दोन धुण्यांत ताणतं.

शनिवार, ६ एप्रिल

आमच्याकडे बाथरूम एक. डॉक्टरीणबाईंच्या आज्ञेवरून मी निरीक्षणं करायला जावं, तर ही आत. सकाळपासून सातव्यांदा. दार वाजवून म्हटलं, "अगं, पेशंट मी आहे!" आतून म्हणाली, "मग बाहेर बसून वही लिहा."

आता लिहितोय.

रविवार, १४ एप्रिल

कमर पुन्हा घट्ट. आता माया संपली. दोन्ही बाजूंना काखेखालून निळ्या कापडाची निमुळती पट्टी जोडली. अशी जोडली आहे की शोधून सापडणार नाही. हिला आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, "दाखव बरं जोड कुठाय?" हिला दाखवता आला नाही. ती आरशात बघत राहिली, मग म्हणाली, "अहो, मी जाड दिसते का हो?"

"पंचावन्नाव्या वर्षी कुणीही जरा सुटतंच," असं मी म्हणालो.

आता वाटतं, आज हात जरा जास्तच सफाईने चालला. उगाच हुरहूर लागून राहिली आहे. ढेकर: आठवत नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल

दोनदा लिहून खोडलं. अक्षर वाचता येईल तेवढं लिहितो.

खात्याने नवा गणवेश काढला, मोरपंखी रंगाचा. म्हणून चार वर्षांनी हिचं पूर्ण माप घेतलं. संध्याकाळी ही टेबलाशी हात वर करून उभी राहिली. मी टेप लावत गेलो, आकडे मोठ्याने बोलत गेलो, आणि मग ते मापाच्या जुन्या वहीत तिच्याच पानावर, जुन्या मापांच्या शेजारी लिहायला बसलो.

कंबर होती बत्तीस, झाली साडेपस्तीस.

दंड होता साडेअकरा, झाला सव्वादहा.

पेन हातातच राहिलं. बत्तीस वर्षांत हजार माणसं मापली. माणूस सुटतो तेव्हा सगळीकडून सुटतो. कंबर, दंड, मानेचा घेर, सगळं. कमरेने साडेतीन इंच वाढायचं आणि दंडाने सव्वा इंच वाळायचं, असं माणसाचं माप नसतं. आणि मी एका हाताने कमर सोडत होतो, दुसऱ्या हाताने बाही आवळत होतो, त्याच ड्रेसची, दोन आठवड्यांच्या अंतराने. कापडाला दोष देत होतो.

"काय झालं? चेहरा का पडला?"

"टेबलावर झोप."

"अहो, गिऱ्हाईक येईल."

दार लावून घेतलं. कापडं बाजूला सारली. तळवे चोळले. "गुडघे दुमड," म्हटलं. ती 'कशाला' असं न विचारता दुमडून पडली, तेव्हाच मला कळलं की हिला माहीत आहे. माझ्या पोटावर डॉक्टरीणबाईंनी केली तशी टकटक केली. कुशींकडे रिकाम्या डब्याचा आवाज. मधे, बेंबीखाली, पुस्तकावर टकटक करावी तसा बद्द आवाज.

मी घाबरलो. इतका की हात काढताच येईना. घड्याळजीच्या मेहुण्याची ती गोष्ट डोळ्यांपुढे आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती छताकडे बघून म्हणाली, "टेबल फार टणक आहे हो तुमचं. उठू का?"

शनिवार, २७ एप्रिल

दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. ही उठून जाईल की काय म्हणून तिची पर्स माझ्या मांडीवर.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तिला लघवीला पाठवलं. भरलेलं मूत्राशयही गाठीसारखं लागतं, त्यात पुष्कळजण फसतात म्हणाल्या. मग गरम तळवे, गुडघे, लांबून जवळ. या वेळी हात फार वेळ चालला. गाठीची वरची कड सापडली, बाजूच्या सापडल्या, खालची सापडेना. म्हणजे ती खालून, ओटीपोटातून वर आलेली आहे. मग कुशीवर वळवून पुन्हा टकटक. "नुसतं पाणी साठलेलं असतं तर वळल्यावर सरकलं असतं, आवाज बदलला असता. इथे बदलत नाही. बहुतेक अंडाशयाची गाठ आहे. कसली आहे ते हाताने नाही सांगता येत. ते आता शोधायचं."

मग विचारलं, "त्रास कधीपासून?"

"अलीकडेच," ही म्हणाली. "काही विशेष नाही."

मला राहवलं नाही. ही वही पिशवीत होती, दोन महिने भरतच आले होते, ती पुढे केली. बाई वाचायला लागल्या. थोड्या वेळाने लाल पेन्सिल घेतली. अर्धी पोळी, खाली रेघ. पोट भरलं, रेघ. कमर. बाही. सातव्यांदा बाथरूम. पुन्हा कमर. एकदाही माझ्या ढेकरांखाली रेघ नाही.

"मी तुमच्या पोटाची नोंद मागितली होती," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मापाची वहीही काढून दिली. दोन्ही आकडे त्यांनी कागदावर उतरवून घेतले.

मंगळवार, ३० एप्रिल

तातडीची चिठ्ठी असल्याने लगेच बोलावलं. तेच केंद्र, तीच खुर्ची. ही लिटरभर पाणी प्यायली, ते मी मोजून दिलं.

तीच तपासनीस मुलगी. नाव वाचलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही मार्चमध्ये येणार होतात ना? सात तारखेला? तुमच्या जागेवर एक काका आले होते, पाणी पिऊन..." आणि तिची नजर माझ्यावर आली.

कुणी हसलं नाही.

बाहेर बाकावर बसून हिने सगळं सांगितलं. जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरांना पोटात काहीतरी लागलं होतं. सोनोग्राफी लिहून दिली, तारीख मिळाली सात मार्च. ती ओळखबिळख सगळी थाप. माझ्यासाठी स्वतःची तारीख सोडली, स्वतःला माझी तीन मेची घेतली.

"मला सांगायचं तरी होतंस गं!"

"कधी सांगू? दुकान ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते दुकान. जीव अर्धा झाला होता तुमचा. एका घरात एका वेळी दोन पोटं कुठे सांभाळू मी? आणि तुमचं काही निघालं नाही, तेव्हा वाटलं, माझंही नसेल."

मला ओरडायचं होतं. कुणावर ते कळेना. सात आठवडे आणि पाच दिवस. बाकावर बसल्या बसल्या मी तेवढे दिवस बोटांवर तीनदा मोजले.

शनिवार, ४ मे

सीटी स्कॅन झाला, रक्त दिलं. आज सर्जनना भेटलो. तरुण आहेत, शर्टाची कॉलर उसवलेली, माझं लक्ष सारखं तिकडेच. चौदा सेंटिमीटरची गाठ, पिशवीसारखी, आत पातळ द्रव आणि एका बाजूला थोडा घट्ट भाग. तो घट्ट भागच त्यांना आवडलेला नाही.

मी म्हटलं, "सुईने थोडं काढून आधी बघा ना, काय आहे ते. उगाच सगळं पोट कशाला उघडायचं?"

"सुई टोचली आणि आतलं पोटात सांडलं, तर जे आज एका पिशवीत आहे ते सगळीकडे जाईल. ती अखंड बाहेर काढायची. टेबलावर असतानाच तुकडा तपासायला पाठवू, त्यावरून पुढचं ठरेल."

"चीर कशी घेणार?" मी विचारलं.

"उभी. मोठी."

ही एकदम म्हणाली, "टाके नीट घाला हं डॉक्टर. घरी तपासायला माणूस बसलाय."

सर्जन हसले. मी रस्ताभर हिचा हात धरून चाललो. लग्नानंतर रस्त्यात असा हात धरल्याचं आठवत नाही.

गुरुवार, ९ मे

एकही काम पुरं होत नाही. तीन पँटी अर्धवट. काजं करायला घेतली, सोडली. घड्याळजी आला, म्हटलं, "मेहुण्याचं नाव काढलंस तर कात्री फेकून मारीन." तो म्हणाला, "मेहुण्याचं नाही, बहिणीच्या सासूचं सांगायला आलोय. तिची गाठ साधी निघाली. एकोणनव्वदची आहे, काल माझ्याशी भांडली." त्याला बसवून चहा पाजला. ती गोष्ट दोनदा सांगायला लावली.

सोमवार, १३ मे

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. दाराच्या वरचा दिवा लाल. मी टेप गळ्यातच विसरून आलो होतो. वेळ जाईना म्हणून बाक मापला, खिडकी मापली, पाण्याचं पिंप मापलं. एका नर्सने विचारलं, पडदे लावायला आलात का?

सर्जन बाहेर आले. पिशवी न फुटता निघाली. टेबलावरच्या तपासणीत उघड कॅन्सर दिसला नाही, पण पक्कं दहा-बारा दिवसांनी. मी त्यांना विचारून टाकलं, कारण नाहीतर जन्मभर विचारत बसलो असतो: "सात आठवडे आधी केलं असतं तर?"

"गाठ जरा लहान निघाली असती. त्यापलीकडे मला खरंच सांगता येणार नाही."

खोटं बोलले नाहीत, त्याचे आभार. पण तेवढ्याने भागत नाही.

शुक्रवार, २४ मे

रिपोर्ट. पाकीट मी फोडलं नाही, हिने फोडलं, आणि वाचायला डॉक्टरीणबाईंकडे दिलं. बाई सावकाश वाचतात. मला खोलीतल्या सगळ्या वस्तू पाठ झाल्या.

"कॅन्सर म्हणायचं नाही. पण अगदी निरुपद्रवीही नाही, मधली पायरी आहे. सगळं पिशवीच्या आत होतं, बाहेर काही गेलेलं नाही. औषधं नकोत. पण दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं. चुकवायचं नाही."

"चुकवणार नाही," मी म्हणालो.

"मी त्यांना सांगतेय," बाई म्हणाल्या.

"तारीख कुणालाही देणार नाही," ही म्हणाली आणि रडायला लागली. आजवर एकदाही रडली नव्हती. मग मला काय झालं ते लिहीत नाही.

रविवार, ७ जुलै

ही उद्यापासून कामावर. मोरपंखी गणवेश कापायचा राहिलाच आहे, म्हणून उद्या तोच जुना निळा. सकाळी टेबलाशी हात वर करून उभी राहिली. "कंबर घ्या आधी. तुमच्या त्या पट्ट्या काढाव्या लागतील."

"कंबर नंतर."

टेप दंडाभोवती घेतली. आकडा बघितला. सोडली, पुन्हा घेतली. दोन्ही दंड घेतले.

"अहो, काय झालं? सांगा ना. चेहरा असा का केलाय?"

"साडेदहा."

"मग?"

"सव्वादहा होता. पाव इंच वाढलाय."

तिने स्वतःच्या दंडाकडे पाहिलं, जणू कुणी दुसऱ्याचा दाखवला आहे. मग माझ्या हातातून टेप घेऊन स्वतः लावून बघितली. तिला टेप लावता येत नाही, तिरकी धरते, पण आकडा तोच आला.

"आणि तुमचं पोट काय म्हणतंय? किती दिवसांत काही लिहिलं नाहीत."

तेव्हा मला आठवलं, की तो गोळा अजून रोज उडतच असणार. मी बघितलेलंच नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. मी निळा ड्रेस टेबलावर उलटा पसरला, दिव्याखाली धरला, आणि मार्चमध्ये आवळलेली बाहीची शिवण उसवली.